दस्तीखालचा सौदा

शिवलीलाचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी तिच्याबद्दल चार शब्द चांगले बोलले, तर ते नाइलाजानं बोलले असं समजा.

मी रेणापूर तालुक्यातल्या एका हेडमास्तरांची मुलगी, वर्षा. अकरावी-बारावी लातूरच्या क्लासांत घासून काढली, बीएस्सीला कॉलेजात पहिली आले आणि नांदेडला विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला गेले ती मान ताठ ठेवूनच. शिवलीला उदगीरची. घरी धान्याची आडत, म्हणजे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दलालीचं दुकान. वर्गात ती मधल्या बाकावर बसायची, मार्कही मधलेच. हॉस्टेलला आम्ही एका खोलीत. उंच, सावळी, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग आणि खांद्यावर कायम लाल चौकड्यांची दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडं रुमाल, पण तिची चांगली टॉवेलाएवढी. तोंड पुसायला, डबा बांधायला, उन्हात डोक्यावर घ्यायला, सगळ्याला तीच. मी म्हणायचे, अगं, विद्यापीठात आलोय आपण, मोंढ्यात नाही. त्यावर ती म्हणायची, मोंढ्यातच लई शिकायला मिळतंय बग. आणि हसायची. तिचं हसणं मला कधी खोटं सापडलं नाही, हाही एक वैताग.

तिला पैजेचं वेड होतं. पैशाच्या नाही, नुसत्याच. मेसच्या वरणात आज मीठ असेल का, सर वर्गात आल्यावर आधी खोकतील की आधी खडू शोधतील, कशावरही. तुम्ही एखादी गोष्ट ठासून बोललात की तिचा प्रश्न ठरलेला: "लावतीस का?" लावायचं काहीच नसायचं. फक्त आधी आपलं सांगून मोकळं व्हायचं आणि मग काय होतंय ते बघत बसायचं. आणि हरली की ही बाई खूश. मला वाटलंच नव्हतं गं, म्हणत दिवसभर तेच सगळ्यांना सांगत फिरायची. मी हरले की माझं जेवणात लक्ष लागायचं नाही. एका खोलीत राहून तिनं माझ्याकडून अभ्यास उचलला, मी तिच्याकडून ते हरणं काही उचलू शकले नाही.

दुसऱ्या वर्षी विभागप्रमुख सरांनी ठरवलं की आम्ही विद्यार्थ्यांनी दर शनिवारी एखाद्या शाळेत जायचं आणि मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवायचे. समन्वयक मी. का मी? कारण वर्गात पहिली मी. मी स्लाइड केल्या, तक्ते रंगवले, कुणी किती मिनिटं बोलायचं ते ठरवलं. शिवलीलाकडं पेटी दिली. पत्र्याची ट्रंक होती, तीत भांडी, फुगे, मेणबत्त्या, तारा. तिनं ती उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.

पहिली शाळा नांदेडच्या बाहेरची. मी वर्गाला विचारलं, एक जड डबा आणि एक हलका डबा वरून बरोबरीनं सोडले तर आधी कोणता पडेल? एक चष्मेवाला पुढच्या बाकावर होता, प्रत्येक वर्गात असतोच. त्यानं हात वर करून सांगितलं, दोन्ही एकदम. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर. कोण एकदम म्हणतंय? सगळे. मी म्हटलं, शाब्बास, आणि पुढची स्लाइड लावायला वळले.

मागं ट्रंकेवर बसलेली शिवलीला उठली. मी जरा विचारू का गं, म्हणाली आणि माझ्या होकाराची वाट न बघता पुढं आली. पोरांना सांगितलं, हात खाली, आता कुणी बोलायचं नाही. एकेकानं यायचं आणि या दस्तीखाली माझ्या हातात बोट द्यायचं. जड आधी तर एक बोट, हलका आधी तर दोन, एकदम तर तीन. तिनं उजव्या हातावर दस्ती पसरली. डावा हात खांद्याच्या पिशवीत. तिथं एक डबा होता. एक बोट आलं की ती डब्यात तुरीचा दाणा टाकायची, दोन आली की हरभरा, तीन आली की सोयाबीन. पोरं ओळीनं आली, बोटं देऊन गेली. मग तिनं डबा टेबलावर उलटा केला. तुरीचा ढीग पडला. सोयाबीन शोधून काढावं लागलं.

म्हणजे ज्या वर्गानं एकदिलानं हात वर केले होते, त्या वर्गातल्या जवळपास कुणालाच ते खरं वाटत नव्हतं. चष्मेवाल्याला तरी वाटत होतं का, देव जाणे. आता डबे सोडले तेव्हा पोरं बाकांवर चढली. दोन्ही एकदम पडले तेव्हा जो गलका झाला तो माझ्या एकाही स्लाइडला झाला नव्हता. सर कोपऱ्यात उभे होते. परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, त्या मुलीचं नाव काय? पुढच्या शनिवारपासून तिला आधी ठेवा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी वहीत तिचं नाव वर घेतलं.

रात्रंदिवस एका खोलीत राहत असल्यानं विचारणं भाग पडलं, हे तू कुठून आणलंस? तिच्या अज्जाकडून. अज्जा म्हणजे आजोबा, उदगीरकडं कानडी शब्द असे घरात येऊन बसलेत. आता मोंढ्यात भाव ओरडून बोलतात, पण अज्जाच्या काळात घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात धरायचे आणि बोटांनी भाव ठरायचा. भोवती गर्दी उभी, पण कुणी काय दिलं ते त्या दोघांनाच ठाऊक. शिवलीला म्हणाली, एकानं मोठ्यानं भाव बोलला की बाकीचे त्याच्या मागं जातेत, मालाकडं कुणी बघत न्हाई. वर्गात तेच व्हायलंय. झाकून बोट द्यायचं म्हटलं की ज्याचं त्याला ठरवावं लागतंय. आणि चुकलं तर कुणाला कळतंय?

एवढी सोपी गोष्ट, म्हटलं, मलाही जमेल. ती आजारी पडली त्या शनिवारी मी तिची दस्ती घेऊन गेले. पोरं आली, खुदखुदली, हात घालून तसाच काढून पळाली. काहींनी पाचही बोटं दिली. एका मुलीनं मला विचारलं, ताई, त्या उंच ताई येणार न्हाईत का? कितीतरी दिवसांनी मला माझी चूक कळली. बोट हातात आलं की मी त्या पोराच्या तोंडाकडं बघायचे. शिवलीला कधीच बघायची नाही. ती त्या वेळी पंख्याकडं बघायची, खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघायची, जणू हात तिचा नाहीच. हे मला कळल्यावरही जमलं नाही. मला प्रत्येकाचं उत्तर बरोबर आहे का तेच बघायचं असतं.

माहूरला गेलो तेव्हाची गोष्ट तर सगळ्या विभागात गाजली. शाळा उरकून आम्ही नांदेडच्या एसटीत बसलो. बस रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्या माणसांनी भरलेली. एका बाईच्या मांडीवर लेकरू आणि लेकराच्या हातात गॅसचा फुगा, दोरी ताणून वर तरंगणारा. शिवलीलाला कुठलं बसवतंय. तिनं कंडक्टरला विचारलं, भाऊ, ब्रेक मारला की आपण सगळे पुढं जातो, फुगा कुणीकडं जाईल? कंडक्टर म्हणाला, पुढंच की. "लावता का?" झालं. तिनं भर उन्हाळ्यात बसच्या सगळ्या काचा लावायला सांगितल्या, वारा नको म्हणून. आणि लोकांनी लावल्या. मी सांगितलं असतं तर लावल्या असत्या का? मग दस्ती घेऊन ती सीटासीटावर फिरली. म्हातारे, बाया, पोलिसाची परीक्षा देणारी पोरं, सगळ्यांनी बोटं दिली. डबा भरून पुढं, पुढं, पुढं. कंडक्टरनं घंटी ओढली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, आम्ही सगळे पुढं आपटलो आणि फुगा आरामात मागं गेला.

बस घामानं निथळत होती आणि माणसं पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणत होती. कंडक्टरनं विचारलं, असं का वो ताई? शिवलीला म्हणाली, तुम्हाला काय वाटतंय? आणि सांगितलंच नाही. उत्तर सांगायचं नाही हा तिचा दुसरा हट्ट. मला तर ते ओठावर आलं होतं, हवा जड, गॅस हलका, हवा पुढं दाटते. पण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. पुढं कधीतरी नांदेडच्या स्टँडवर तोच कंडक्टर धावत आला. डेपोत म्हणे त्या फुग्यावरून दोन पार्ट्या पडल्यात, भांडणं व्हायलीत. तिच्याशी पाऊण तास बोलला. जाताना मला म्हणाला, तुम्ही बी होता का त्या दिवशी?

आता दादांचं सांगते, कारण दुखणं तिथं आहे. दादा म्हणजे माझे वडील, गावाचे गुरुजी. विज्ञान शिकवण्यात त्यांचं नाव होतं आणि कौतुक करण्यात हात आखडता. बारावीचा निकाल दाखवला तेव्हा म्हणाले, केमिस्ट्रीत कुठं गेले मार्क? त्यांनी मला मिठाई द्यावी असं माझं म्हणणं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, चार माणसांसमोर त्यांनी माझ्या बाजूनं उभं राहावं एवढंच मला लहानपणापासून हवं होतं. त्यांच्या शाळेवर कार्यक्रम ठरला तेव्हा मला वाटलं, आता. मुलीनं फोन केला तर वशिला दिसतो म्हणून शाळेशी सगळं बोलणं शिवलीलानं केलं. मी फक्त तयारी केली, उष्णता या विषयावर, जीव ओतून.

दादा वर्गाच्या दारात मागं हात बांधून उभे राहिले. मी बोलले. एक शब्द अडखळला नाही. पोरं शांत बसली होती. मग शिवलीलानं फाट्यावरच्या रसवंतीतून भुशात गुंडाळून आणलेला बर्फ काढला. दोन ग्लास ठेवले, एकात साधं पाणी, दुसऱ्यात भरपूर मीठ घातलेलं. दोन्हींत सारखा तुकडा टाकणार, कुठला आधी वितळेल? मिठातला आधी तर एक बोट, साध्यातला आधी तर दोन. ती दस्ती पसरणार तेवढ्यात मी बोलले. मोठ्यानं बोलले, दारापर्यंत जाईल असं. म्हटलं, यात काय विचारायचं, मिठानं बर्फ लवकर वितळतो, मिठातलाच आधी वितळणार.

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, आणि पोरांना म्हणाली, "ताईंनी त्यांचं बोट उघडं दिलंय. तुम्ही तुमचं झाकून द्या."

पोरं ओळीनं आली. आणि ओळीच्या शेवटी दादा. मी त्यांना कशाच्याही ओळीत उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दस्तीखाली हात घातला. शिवलीला खिडकीबाहेर बघत होती. मी दादांच्या तोंडाकडं बघत होते, पण त्या तोंडावरून आमच्या घरात कधी कुणाला काही कळलेलं नाही. डबा उलटा केला तर बहुतेक सगळी तूर, हरभरा चिमूटभर. पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि बर्फ? साध्या पाण्यातला वितळून गेला तरी मिठाच्या पाण्यातला तुकडा वर तरंगतच होता. बर्फाचं वितळलेलं गार पाणी साध्या पाण्यात खाली जातं आणि वरचं कोमट पाणी बर्फाला लागत राहतं. मिठाच्या पाण्यात ते गार पाणी हलकं म्हणून वरच राहतं आणि बर्फाभोवती गोधडीसारखं बसतं. आज मी हे क्लासात एका दमात सांगते. त्या दिवशी सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडं बघत होता आणि मला जमीन फाटली तर बरं असं झालं होतं.

दादा पुढं आले. शिवलीलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मास्तर होणार. अस्सल." मग माझ्याकडं वळले. "तुझा आवाज मागपर्यंत येत नव्हता."

जेवायला घरी नेलं. दादा तिला मोंढ्याबद्दल विचारत बसले आणि ती त्यांना सव्वा, दीड, पावणेदोनची बोटं शिकवत बसली. दादा चुकायचे आणि हसायचे. मी आईबरोबर भाकरी वाढत होते. तुपाची वाटी तीनदा तिच्या ताटाकडं गेली.

परतीच्या एसटीत मी तिला सरळ विचारलं, दादांनी किती बोटं दिली? ती नाही म्हणाली. मी रूममेट आहे, त्यांची मुलगी आहे, सगळं सांगून झालं. "अज्जा म्हणायचा, दस्तीखालचं तोंडावर आलं की आडत बुडाली. त्यांचं बोट त्यांचं, वर्षा." मी नांदेडपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. खरं तर मला सांगायची गरजही नव्हती. दोन. दुसरं काय देणार? दादांना उत्तर माहीत असणार, ते दारात उभं राहून मला तोंडावर पडताना बघत होते आणि तिच्या हातात बरोबर उत्तर देऊन मोकळे झाले होते. दिवाळीत मी त्यांनाही विचारलं. इसरलो बाई, म्हणाले, आणि पेपर वर धरला.

त्यानंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. शिवलीला बीएड करून उदगीरजवळच्या एका शाळेवर लागली. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. माईक लावून शिकवते, भला मोठा हॉल असतो, चौकातल्या फ्लेक्सवर माझा फोटो असतो. माझी पोरं डॉक्टर होतात. तरी तिच्या शाळेतली पोरं तिला अडून अडून प्रश्न विचारतात असं कुणी सांगितलं की माझा दिवस खराब जातो. माझ्या हॉलमध्ये प्रश्न फक्त मी विचारते.

मागच्या उन्हाळ्यात दादा निवृत्त झाले. शाळेच्या मैदानात मांडव घातला, हार, फेटे, भाषणं. शिवलीलाला त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. आली, तशीच, दस्तीसकट. दादा माईकपुढं उभे राहिले आणि नोकरीतल्या आठवणी सांगायला लागले. त्यात ती आली. उदगीरची एक पोरगी आपल्या शाळेत आली होती, म्हणाले, तिनं बर्फ आणला होता, त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं पोरांना विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी घरच्यांचे आभार. माझी मुलगी वर्षा, लातूरला क्लासला आहे. एवढंच. मी पहिल्या रांगेत बसले होते, काठापदराची साडी नेसून.

पंगतीनंतर शिवलीला टाकीजवळ हात धूत होती. मी तिथं गेले आणि माझा तोल गेला. म्हटलं, तुला स्वतःचे वडील आहेत ना गं? मग माझे कशाला घेतलेस? त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द निघत नाही आणि तुझ्यासाठी भाषणं होतात. बारा गावची पोरं तुझी, विभाग तुझा, निदान माझा बाप तरी मला ठेवायचा होतास. मी रडत होते. मला त्याची लाज वाटली नाही.

ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तो बर्फाचा प्रयोग मी नव्हता निवडला. मी फोन केला तेव्हा गुरुजीच म्हणाले, बर्फाचं दाखवा, लई भारी आहे, सगळे चुकतेत. कसा होतो, का होतो, ते बी त्यांनीच सांगितलं मला."

म्हणजे माहीत होतं, मी म्हटलं. मला माहीतच होतं की त्यांना माहीत होतं. यावर तिनं खांद्यावरची दस्ती काढली, आपल्या हातावर टाकली आणि डोळे पुसून ओला झालेला माझा हात धरून खाली घेतला. ती दूर मांडवाकडं बघत होती. माझ्या तळव्यात तिनं एक बोट ठेवलं.

एकच. मी दुसऱ्याची वाट बघत थांबले. दुसरं आलं नाही. मिठातला आधी. सगळ्या वर्गासमोर मी मोठ्यानं बोलले होते ते, चुकीचं, माझं. खरं उत्तर माहीत असलेला माणूस ओळीत उभा राहून मुलीच्या बाजूनं मुद्दाम चुकीचं बोट देऊन आला होता, आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

"उदगीरची गाडी चुकंल," शिवलीला म्हणाली. दस्ती झटकून खांद्यावर टाकली आणि फाट्याकडं चालायला लागली. वाटेत शाळेतली दोन-तीन पोरं तिच्या मागं लागली, काहीतरी विचारत होती, आणि ती थांबून त्यांनाच उलट विचारत होती. त्यानंतर मी तिला बघितलेलं नाही.

तिचे उपकार मानायला हवेत, कळतंय मला. पण खरं सांगू? मी तिथं टाकीपाशी उभी होते आणि जळत होते. दादांनी आयुष्यात एकदा माझी बाजू घेतली, ती तिच्या हातात घेतली, आणि इतकी वर्षं ती माझ्याआधी तिच्याकडं होती.